त्या बॅचचा दोष तुझा नव्हता

गंगापूर रोड, नाशिक
४ मार्च

प्रिय बंड्या,

दिवाळीला तुझा फोन आला तेव्हा ‘उद्या करतो’ म्हणालो आणि तो उद्या अजून उजाडला नाही. रागाव हवं तर, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. आईचा गुडघा बरा आहे, मीही बरा.

काल वायनरीत रात्रपाळी होती. द्राक्षतोडणी संपत आलेली, सगळे दमलेले. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन एका टाकीतून दुसरीत काढत होतो. नव्या पोरानं पाइपाचं तोंड वरच्या झाकणातूनच सोडलं आणि वाइन धबाधबा खाली कोसळायला लागली. मी ओरडलो, “अरे, आपटू नकोस तिला! आंबून झालेल्या मालाला हवा लागली की वास मेला!” पोरगं घाबरून व्हॉल्व्ह बंद करायला धावलं. मी मात्र जागेवरच थिजलो. तो आवाज मी आधी ऐकला होता. इंग्लंडात, लीड्सला, आपल्या स्वयंपाकघरात, सप्टेंबर २०१४ मध्ये.

बंड्या, आपण घरी केलेली ती पेल एल बिअर मी बिघडवली.

माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, अर्काचा डबा आणू म्हणालो तर तू दोन दिवस बोलला नव्हतास. तुला सगळं धान्यापासूनच करायचं होतं. साडेचार किलो पेल माल्ट, पाव किलो क्रिस्टल माल्ट, वीस लिटरचा घाणा. धान्य भिजवलेलं पाणी तासभर ६७ अंशांवर टिकायला हवं म्हणून काकूंनी दिलेली गोधडी तू भांड्याला गुंडाळलीस. महिनाभर तिला बिस्किटांचा वास येत होता आणि तीच पांघरून तू असा घोरायचास की शेजारी भिंत ठोकायचे. मग तासभर उकळी, शेवटच्या दहा मिनिटांत कॅस्केड आणि सिट्रा हे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं, आणि आंबणं थांबल्यावर वरून पन्नास ग्रॅम हॉप्स. घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०५० वरून १.०११ वर उतरला, म्हणजे साखर आंबली, तेव्हा तू स्वयंपाकघरात नाचलास. 

बाटल्या भरायच्या दिवशी तू वर काकूंशी फोनवर होतास. सायफनची नळी मला सापडेना आणि आठला माझी शिफ्ट होती. मी अख्खा फर्मेंटर, बिअर आंबवायचं भांडं, उचलला आणि साखरेचं पाणी घातलेल्या बादलीत वरून ओतला. फेसच फेस. नळीनं तळाशी, हळू काढायची, हे तूच मला दोनदा वाचून दाखवलं होतंस. ओतताना मनात चुकचुकलं होतं, तरी तुला बोललो नाही.

दिवाळीला बाटल्या उघडल्या तर रंग तपकिरी, वास ओल्या पुठ्ठ्याचा. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, “बंड्यानं हॉप्सचं पाकीट उघडं ठेवलं होतं, दुसरं काय.” तू मान खाली घालून एकेक बाटली सिंकमध्ये रिकामी केलीस. महिन्याभरात भांडंही विकलंस.

काल रात्रभर तेच डोक्यात होतं. अरे, दहाव्या दिवशी आपण चोरून उघडलेली पहिली बाटली आठव. संत्र्याच्या सालीचा वास खोलीभर पसरला होता! हॉप्सच शिळे असते तर तो वास आला कुठून? हॉप्स चांगले होते. पाकीट उघडं राहिल्यानं काही झालं नव्हतं. सुरुवातीला यीस्टला ऑक्सिजन लागतो, म्हणून आपण दोघांनी घमेलं हलवावं तसा फर्मेंटर हलवला होता. पण आंबून झाल्यावर तोच ऑक्सिजन आधी हॉप्सचा सुगंध खातो, मग रंग गडद करतो. इतके हॉप्स घातलेल्या बिअरमध्ये तर ते फारच लवकर दिसतं. दोन-तीन आठवड्यांत आपली गेली. वाइनच्या टाकीत आम्ही आधी नायट्रोजन भरतो तो याचसाठी. इतकी वर्षं हे काम करतोय आणि त्या बादलीशी त्याचा संबंध एकदाही जोडला नाही. जोडायचा नसेल.

मुलीची शाळा सुरू झाली ना? नव्या घराचे फोटो पाहिले, स्वयंपाकघर मोठं दिसतंय. वहिनींना नमस्कार.

मला इथे घरी बिअर करता येणार नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. तुमच्याकडे इंग्लंडात मात्र १९६३ पासून त्याला परवाना लागत नाही. म्हणून मागतो. भांडं घे, बंड्या. तीच कृती, तेच हॉप्स. त्या दिवाळीला जे आले होते त्यांच्यातल्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करणार आहे. आज दोघांना केला.

तुझा,
पक्या

ता. क. नळी नंतर माझ्याच धुण्याच्या पिशवीत सापडली होती. तेव्हा तुला दाखवली नाही आणि टाकूनही देता आली नाही. मेमध्ये मावशी तिकडे येतेय, तिच्याबरोबर पाठवतो. आता रबर कडक झालं असेल, वापरू नकोस, नवीन घे.