वेदर रेडिओची वायर काढू नका, त्याला काउंटी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत वेदर रेडिओ (हवामान खात्याचे धोक्याचे इशारे ऐकवणारा रेडिओ) असतो, पण वायर काढून कपाटात ठेवलेला. तक्रार एकच : रात्री-अपरात्री उगाच बोंबलतो. दोष बहुधा यंत्राचा नसतो. अनेक रेडिओ खोक्यातून निघतात तेच ‘एनी’वर, म्हणजे कोणत्याही काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) इशाऱ्याला वाजतील असे लावलेले. एका ट्रान्समीटरचा पल्ला साधारण 40 मैल. मग तो ज्या ज्या काउंटीसाठी इशारे देतो, त्या सगळ्यांसाठी भोंगा वाजणारच.

उपाय म्हणजे ‘सेम’ (SAME) कोड, म्हणजे रेडिओला तुमची काउंटी सांगणारा आकडा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर तो मिळतो. आकडे सहा : पहिला काउंटीच्या भागाचा (0 म्हणजे पूर्ण काउंटी), पुढचे दोन राज्याचे, शेवटचे तीन काउंटीचे. शिकागोच्या कुक काउंटीचा 017031, ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीचा 048201. मेन्यूत ‘एनी’ऐवजी ‘सिंगल’ निवडून कोड भरा. वादळे बहुधा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतात, म्हणून ‘मल्टिपल’ घेऊन त्या बाजूची शेजारची काउंटीही टाकलेली बरी. व्हर्जिनियात जरा जपून : तिथल्या स्वतंत्र शहरांचे कोड वेगळे असतात, भोवतालच्या काउंटीचा कोड तिथे लागू पडत नाही.

दुसरी चूक चॅनेलची. 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्‌झमध्ये सात चॅनेल आहेत. लोक सातही फिरवून जो खणखणीत ऐकू येतो तो ठेवतात. पण तो ट्रान्समीटर तुमच्या काउंटीचे इशारे देतच नसेल, तर कोड कधी जुळणार नाही आणि रेडिओ ऐन वादळात गप्प बसेल. बोंबलणाऱ्या रेडिओपेक्षा हा जास्त धोक्याचा. तुमच्या काउंटीसाठी कोणती फ्रीक्वेन्सी, हे त्याच संकेतस्थळावर बघा.

दर आठवड्याला, बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारी बाराच्या आत, चाचणी संदेश येतो. तेव्हा बरेच रेडिओ भोंगा वाजवत नाहीत, फक्त पडद्यावर अक्षरे दाखवतात. रेडिओ बिघडला असे समजू नये. कित्येक दिवस चाचणी पोचली नाही, तर काही मॉडेलवर ‘चेक रिसेप्शन’ दिसते. मग रेडिओ बेसमेंटमधून वर आणा, खिडकीपाशी ठेवा, अँटेना पूर्ण ओढून उभी करा. घराला बाहेरून पत्रा असेल तर बाहेरची अँटेना जोडावी लागते.

सेल न घालता नुसता अडॅप्टरवर चालवला, तर वीज गेली की रेडिओही गेला. घड्याळे मागेपुढे करतो त्या दिवशी अल्कलाइन सेल बदलावेत. जुने सेल पाझरून आतल्या पट्ट्या गंजतात.

पुराच्या ‘वॉच’सारखे (धोका संभवतो एवढेच सांगणारे) नको असलेले इशारे मेन्यूतून बंद करता येतात. टोर्नेडो वॉर्निंग (टोर्नेडो दिसला आहे किंवा येऊ घातला आहे, असा इशारा) मात्र अनेक मॉडेलवर बंद होतच नाही, आणि ते योग्यच आहे. एक मर्यादा राहते : 2007पासून वॉर्निंग नकाशावर आखलेल्या तुकड्यापुरती निघते, पण रेडिओला कळते फक्त काउंटी. काउंटी मोठी असेल तर दुसऱ्या टोकाच्या वादळानेही झोपमोड होईल. तेवढी सोसावी.

फोनवर इशारा येतोच की, असे म्हणणाऱ्यांनी रात्री फोन कुठे आणि कसा ठेवतो ते आठवावे. शिवाय वादळात मोबाइलचे टॉवरही बंद पडतात. 6 नोव्हेंबर 2005ला इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलजवळ टोर्नेडो आला तो रात्री दोनच्या सुमारास, लोक झोपेत असताना. त्यानंतर इंडियानाने नव्या मोबाइल होममध्ये वेदर रेडिओ कायद्याने बंधनकारक केला.

भारतातून आलेल्या आईवडिलांना त्या यांत्रिक आवाजातले इंग्रजी समजेलच असे नाही. दिव्यांचे रंग असणारे मॉडेल घेतले, तर त्यांना एवढेच सांगून ठेवावे : लाल दिवा लागला की पडद्यावर TORNADO हा शब्द आहे का बघा; असेल तर बेसमेंट (पुराचा इशारा असेल तर तिथे उतरू नका), ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची आतली खोली. ऐकू कमी येत असेल, तर मागच्या जॅकला लखलखणारा दिवा किंवा उशीखाली थरथरणारी चकती जोडता येते. रेडिओ विकत घेतानाच तो जॅक आहे का ते बघावे.

आपला,
एक वाचक, अमेरिका