फॅन्टसी बेसबॉलची टीम अर्ध्यात सोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या अंकात बेसबॉलपटू शोहेई ओहतानीच्या 2024 मधल्या 54 होम रन (क्रिकेटच्या सिक्ससारखा फटका) आणि 59 स्टील्सची (पिचर बॉल टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठणं) दखल घेतलीत, फार बरं वाटलं, मराठीत बेसबॉलवर चार ओळी आल्या तरी मी कापून ठेवते. पण त्या खेळाला चिकटून एक दुसरा खेळ चालतो, फॅन्टसी बेसबॉल, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर पॉइंट मिळवायचे, त्यात मी 2024 चा अख्खा सीझन घालवला आणि त्याबद्दल मला मनापासून काही सांगायचंय, म्हणून हे पत्र.

क्रिकेटच्या फॅन्टसीत बहुतेक जण एका मॅचपुरती टीम लावतात आणि रात्री विषय संपतो. इथे तसं नाही. मार्चमध्ये ऑक्शन, मग सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज लाइनअप. आमची लीग 12 जणांची, पैसे लावत नाही, प्रत्येकाला 260 डॉलरचं कागदावरचं बजेट आणि त्यात 23 खेळाडू घ्यायचे. पद्धत रोटिसरी, डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कात सुरू केलेली, ज्या रेस्टॉरंटात ते जमायचे त्याचं नाव तिला पडलं. बॅटिंगच्या पाच कॅटेगरी, पिचिंगच्या पाच, प्रत्येकीत पहिल्याला 12 पॉइंट आणि शेवटच्याला 1. तुमचा नंबर दुसऱ्यांच्या आकड्यांवर ठरतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं ऑक्शन चांगलं झालं असं मला तेव्हा ठाम वाटलं होतं. बॅटर रोनाल्ड अकुन्या 54 डॉलरला घेतला, 2023 मध्ये त्याने 41 होम रन आणि 73 स्टील्स केले होते (त्याच वर्षी बेस 15 इंचांचे 18 इंच झाले, पळायचं अंतर घटलं आणि सगळेच पळायला लागले, पण 73 म्हणजे 73). पिचर म्हणजे बॉल टाकणारा म्हणून स्पेन्सर स्ट्रायडर 37 ला, आदल्या वर्षी 281 स्ट्राइकआउट्स (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं). म्हणजे 260 पैकी 91 डॉलर दोघांवर, आणि दोघेही अटलांटा ब्रेव्हजचे.

स्ट्रायडर दोनच मॅच खेळला, 9 इनिंग, मग कोपराचं ऑपरेशन आणि सीझन खलास. अकुन्याचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. 26 मे, पिट्सबर्गमधली मॅच, पहिलाच बॅटर हा, आल्या आल्या डबल मारला, म्हणजे एका फटक्यात सेकंड बेस गाठला. सेकंड बेसवरून थर्डकडे निघाला, मधेच थांबून मागे वळला आणि वळताना डावा गुडघा दगा देऊन गेला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. खाली बसला, गुडघ्याकडे बोट दाखवलं, नंतर स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेला म्हणून मी अर्धा दिवस आशेवर होते. लिगामेंट फाटलं होतं. 49 मॅच, 4 होम रन, 16 स्टील्स, एवढंच त्याचं वर्ष.

त्या आठवड्यात मी टीम सोडून दिली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण मला ते जमत नाही, आणि बरं झालं जमत नाही, कारण खरी मजा तिथूनच सुरू झाली. पॉल स्कीन्सला मी मार्चपासून बेंचवर धरून बसले होते, जागा फुकट घालवतेयस असं सगळे म्हणत होते, तो 11 मेला पायरेट्सकडून पहिल्यांदा उतरला आणि 23 मॅचमध्ये 1.96 च्या इआरएने (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या रनांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) मला 170 स्ट्राइकआउट्स देऊन गेला. बॅटर ब्रेंट रूकर एप्रिलमध्ये इंजर्ड लिस्टवर (दुखापतग्रस्तांच्या यादीत) गेला म्हणून कुणीतरी ड्रॉप केला होता, मी उचलला, त्याने 39 होम रन मारले. आणि पिचर क्रिस सेल! इतकी वर्षं दुखापतींनी बेजार झालेला माणूस मला 9 डॉलरला मिळाला आणि त्याने 18 विजय, 2.38 चा इआरए, 225 स्ट्राइकआउट्स केले, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) तिन्हीत पहिला. जूनमध्ये मी आठवी होते, ऑगस्टच्या मध्यात तिसरी.

आता ज्यासाठी लिहितेय ते. आमच्यातल्या एकाने (नाव लिहित नाही) जुलैमध्ये अकराव्या नंबरवर असताना लॉगिन करणंच बंद केलं. त्याला वाटलं असेल की तो स्वतःपुरता बाहेर पडला, कुणाचं काय जातंय. पण रोटिसरीत असं स्वतःपुरतं काही नसतंच. त्याच्याकडे मार्लिन्स टीमचा क्लोजर टॅनर स्कॉट होता (क्लोजर म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर, राखली की त्याच्या नावावर एक सेव्ह). 30 जुलैला स्कॉटला पॅड्रेस टीमने घेतलं, तिथे रॉबर्ट सुआरेझ क्लोजर होताच, म्हणजे स्कॉटचे सेव्ह जवळपास आटले. लक्ष असलेला कुणीही त्याच दिवशी दुसरा क्लोजर शोधतो. याने काहीच केलं नाही, सेव्हचा आकडा जिथल्या तिथे राहिला आणि सप्टेंबरच्या मध्यात माझ्या पुढे असलेली टीम त्याला सहज ओलांडून गेली. एक पॉइंट, फुकटात. शेवटी ती टीम 89 वर दुसरी आली आणि मी 88.5 वर तिसरी.

तिसरी आल्याचं मला दुःख नाही, खरंच नाही. 19 सप्टेंबरला ओहतानीने मायामीत एकाच मॅचमध्ये 6 पैकी 6 हिट्स, 3 होम रन, 2 स्टील्स आणि 10 आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे टीमला मिळालेल्या रन) केले, तो आमच्या पहिल्या नंबरवाल्याकडे होता, माझा एक पॉइंट त्या एका संध्याकाळी गेला आणि तरी मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. ते खेळून घेतलेलं होतं. सेव्हचा पॉइंट कुणी खेळून घेतलाच नाही, तो रस्त्यात पडलेला सापडला, आणि सहा महिने रोज मेहनत करणाऱ्याला हे लागतं हो.

हरत असताना खेळायचं कशाला, असं विचारणाऱ्यांनी 2024 ची शिकागो व्हाइट सॉक्स टीम बघावी. 121 मॅच हरले, आधुनिक बेसबॉलमध्ये इतक्या कुणीच हरलं नव्हतं. तरी शेवटच्या सहापैकी पाच जिंकले, त्यात एंजल्सला तीनदा हरवलं आणि प्लेऑफला निघालेल्या टायगर्सना दोनदा.

म्हणून माझी विनंती एवढीच की मार्चमध्ये नाव देण्याआधी सप्टेंबरचा विचार करा. जमणार नसेल तर सरळ सांगा, तुमची टीम दुसरा कुणीतरी आनंदाने चालवेल. आणि लीग चालवणाऱ्यांनीही दोन आठवडे लाइनअप हलली नाही तर टीम दुसऱ्याकडे द्यायची असा नियम सुरुवातीलाच करावा, आम्ही केला नव्हता, ती चूक आमची सगळ्यांची.

शेवटचा दिवस सांगायचा राहिला. हेलीन वादळामुळे मेट्स आणि ब्रेव्हजच्या दोन मॅच राहिल्या होत्या, त्या सोमवारी 30 सप्टेंबरला एकाच दिवशी झाल्या. स्ट्राइकआउट्समध्ये मी पुढच्या टीमपेक्षा 5 ने मागे होते आणि दुसऱ्या मॅचमध्ये सेल पिच करणार होता, तो मॅचला सरासरी सातच्या वर काढतो. ऐनवेळी कळलं की त्याची पाठ धरलीय, उतरणार नाही. नशीब, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्यातली एक मैत्रीण, अख्खा सीझन दहावी, तिने त्या दिवसासाठीही लाइनअप लावली होती. तिच्याकडे फ्रान्सिस्को लिंडॉर, पाठदुखीने सप्टेंबरात बाहेर बसलेला, तो परत आला तसा तिने लगेच बेंचवरून आत घेतला होता. पहिल्या मॅचच्या नवव्या इनिंगमध्ये मेट्स एकाने मागे असताना लिंडॉरने दोन रनांचा होम रन मारला, मेट्स 8-7 ने जिंकले आणि प्लेऑफमध्ये गेले. आरबीआयमध्ये तिने एकाला मागे टाकलं. पाचच मिनिटांत तिचा मेसेज आला, "नववी!!"

आपली,
एक नियमित वाचक