मुक्ता, किरणला घरचं माणूस होऊ दे

इंदिरानगर, नाशिक

प्रिय मुक्ता,

दिवाळी अंकासाठी लिहिलेली तुझी कथा वाचली. सोमेश्वरला धबधब्यापाशी दोघं बोलत बसतात तो प्रसंग फार सुंदर उतरलाय. मराठी कथेच्या मध्यभागी किरणसारखं नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारं माणूस, आणि त्याची कुठे टिंगल नाही, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण एक गोष्ट मनाला लागली. ती तुला नाही सांगायची तर कुणाला?

कथेतलं प्रत्येक माणूस किरणकडे एकच प्रश्न घेऊन येतं. प्रेम कुणावर, शरीराचं काय, पुढे कसं व्हायचं? आई दुसऱ्या पानावर रडते आणि कथेतून निघूनच जाते. भावंडं नाहीत, शेजार नाही, डबा वाटून खाणारं कुणी नाही. इन्स्टाग्रामवरही तेच दिसतं. आम्ही नॉनबायनरी माणसं प्रेमात पडलेलो असतो किंवा प्रेमभंगात बुडालेलो, त्याखेरीज आम्ही कुणाचे कुणी नसतोच.

आपण कोण आहोत आणि आपल्याला कोण आवडतं, या गोष्टी वेगळ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात लिंगओळख आणि लैंगिक कल यांचा अर्थ वेगवेगळा सांगितला होता. आमच्यातल्या कित्येकांना तर लैंगिक ओढ वाटतच नाही. त्यांची कथा तू कशी लिहिशील?

आमच्या पंचवटीच्या घरचं हळदीकुंकू तुला आठवतं ना, अख्खी गल्ली लोटायची. आईला सगळं सांगितलं त्याच्या पुढच्या संक्रांतीला मला आतल्या खोलीतून बाहेर यायचा धीर होईना. आई आत आली, हातावर तिळगूळ ठेवला, लुटायला आणलेल्या स्टीलच्या गाळण्यांपैकी एक माझ्यापुढे केली आणि म्हणाली, "चहाला दूध कमी पडतंय, घेऊन ये." कुंकू लावलं नाही, लावू का असंही विचारलं नाही. मग मीच सगळ्यांना चहा दिला. शेजारच्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "गोड बोल, आता गं म्हणू की रे?" आई तिथल्या तिथे म्हणाली, "नीलू म्हणा." त्याआधी कितीतरी महिने आई माझ्याशी धड बोलत नव्हती. ते महिने आणि ती गाळणी, माझ्या आयुष्यात याहून मोठं काही घडलेलं नाही. त्यात ना प्रियकर आहे, ना प्रेयसी.

आणि समीर. भाडं अर्धं-अर्धं, किराणा एक, आजारपणं एकमेकांची. आमच्यात प्रेमप्रकरण नाही, होणारही नाही. घरमालकांना हे पटत नाही, ते सोड. माझ्यासारखी क्विअर मित्रमंडळीही "कधीतरी खरं सांगाल" म्हणून हसतात, ते जास्त लागतं. मागच्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. रुग्णालयात नात्याच्या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं, तर रक्ताच्या नात्याचं कुणी आणा म्हणाले. त्याचा भाऊ नागपूरहून येईपर्यंत आख्खी रात्र गेली.

त्यानंतर मी कायदे वाचून काढले. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात जवळच्या नातेवाइकांची यादी आहे, तीत मित्र नाही. मित्राला द्यायचं तर समितीची परवानगी लागते. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार साध्या कागदावर लिहून, सही करून मानसिक उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमता येतो आणि तो नात्यातलाच हवा अशी अट नाही. आम्ही दोघांनी लगेच तसे कागद करून ठेवले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, तेव्हा आपण दोघी-तिघं फोनवर किती वेळ गप्पच होतो. पण मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, की कुटुंब उभं करायला लग्न हाच एक मार्ग नाही. निवडलेलं कुटुंब हा शब्द निकालात आला, तेव्हा मला समीर आठवला.

आपल्याकडे हे नवीनही नाही गं. शाळेत 'बृहन्नडा' ही शिवी मी किती ऐकली! महाभारताच्या विराटपर्वात मात्र बृहन्नडा, म्हणजे अज्ञातवासातला अर्जुन, विराटराजाच्या मुलीला, उत्तरेला, नाचगाणं शिकवते. अज्ञातवास संपल्यावर विराटराजा मुलगी देऊ करतो, तर अर्जुन तिला पत्नी म्हणून नाकारतो आणि अभिमन्यूसाठी सून करून घेतो. शिकवण्याचं ते नातं त्याला मुलीच्या नात्यासारखं वाटलं. हिजडा समाजात तर गुरू, चेला, गुरुभाई, नातचेला अशी घराणीच्या घराणी आहेत. माझी वाट ती नाही आणि त्यांच्या हालअपेष्टाही माझ्या वाट्याला आलेल्या नाहीत, पण नाती उभी करण्याचं हे काम त्यांनी किती आधीपासून केलंय!

तेव्हा सोमेश्वरचा प्रसंग अजिबात काढू नकोस. किरणला एखादी भाची दे, जिला गणित शिकवायचंय. दवाखान्यात सही करणारा मित्र दे. आईला दुसऱ्या पानावरून परत आण, भांडायला का होईना. संपादक शब्दमर्यादा सांगतील, तर तिसऱ्या पानावरचा शरीरवर्णनाचा परिच्छेद जाऊ दे. तो वाचताना मला किरण दिसलंच नाही, किरणकडे टक लावून बघणारे लोक तेवढे दिसले.

नवा खर्डा झाला की लगेच पाठव. समीरलाही वाचायचाय.

तुझंच,
नीलू