हौदात कातडी धुणं थांबवा : पेर्गामोनच्या एका रहिवाशाचं पत्र

पेर्गामोन, आशिया प्रांत
(रोमन सम्राट हेड्रियन यांची कारकीर्द)

प्रति,
मा. अस्टिनोमोस,
रस्ते, पाणी व सफाई अधिकारी

विषय : सार्वजनिक हौदात कातडी धुतली जात असल्याबाबत (पूर्वीच्या तोंडी तक्रारींना अनुसरून)

महोदय,

आमचे शेजारी चर्मपत्रवाले भिजवलेली कातडी सार्वजनिक हौदात खंगाळतात, हे मी वारंवार आपल्या कानावर घातलं. आपण दर वेळी "बघतो" म्हणालात. म्हणून आता लेखी देतो आहे.

आज सकाळी मुलगी पाण्याला गेली, तर कठड्यावर चरबीचं पुट आणि पाण्यावर बकऱ्याचे केस. घागरीला फडकं बांधून पाणी गाळून आणलं तिनं. उत्तरेच्या डोंगरातून, 200 स्टेडियांहून लांबून, मातीच्या नळांच्या तीन रांगांतून आणलेलं पाणी हे! ते काय यांच्या कातड्यासाठी?

इथल्या जुन्या राजांच्या काळचा कायदा नुकताच पुन्हा दगडावर कोरून लावलाय. त्यात स्वच्छ लिहिलंय : सार्वजनिक हौदावर जनावरांना पाणी पाजायचं नाही, कपडे, भांडी, काहीही धुवायचं नाही. धुतल्यास माल जप्त आणि 50 द्राख्मा दंड. शेजारी म्हणतात, गुलामांनी धुतलं. धन्याच्या संमतीनं धुतलं तरी माल जप्तच होतो. त्या पोरांना फटके बसावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही, मालकाला धरा.

माझ्या ओट्यानं रस्ता अडतो, असं ते सांगत फिरतात. रस्त्याच्या रुंदीचं कलम हा वेगळा विषय आहे, कृपया त्याची इथं सांगड घालू नये.

वस्तीप्रमुख एकदा आले, शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून गेले. पुढे काही नाही. समोरची भटारीण, वरच्या गल्लीतली मंडळी, सगळ्यांचं म्हणणं माझंच आहे; वाईटपणा घ्यायला मात्र कुणी तयार नाही. आरोग्यदेव एस्क्लेपिओसच्या देवस्थानात उपचारांसाठी आलेली आजारी माणसं आमच्या आळीत उतरतात. त्यांनाही हेच पाणी प्यावं लागतं.

धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. कातडी गावाबाहेर सेलिनस नदीवर न्यावीत, एवढंच. तरी हौद ताबडतोब उपसून घासून घ्यावा आणि खर्च शेजाऱ्यांकडून वसूल करावा. कामात कसूर करणाऱ्या अस्टिनोमोसांनाही त्याच कायद्यात दंड सांगितला आहे. आता दिरंगाई झाली, तर मी थेट आपल्या वरच्या अधिकाऱ्यांकडे, स्ट्रॅटेगोसांकडे जाईन.

आपला,
हौदालगतच्या घरातला रहिवासी