खानापूरच्या पावसात मम्मी होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या एसडीएमसीच्या (शाळा विकास समितीच्या) बैठकीत एका पालकांनी मला सरळ विचारलं, "बाई, पोरांना अजून धड कन्नड येईना, इंग्रजी येईना, आणि तुम्ही इजिप्त कसला शिकवताय ओ? तिथं नोकरीला जायचंय काय?" सगळे हसले, मीही हसले. उत्तर मात्र नीट देता आलं नाही. पुढचा विषय शौचालयाच्या गळक्या टाकीचा होता आणि तो जास्त निकडीचा होता. म्हणून हे पत्र.

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात. पहिली ते पाचवी मिळून 31 मुलं, शिक्षक दोन. त्यातला एक महिन्यातले बरेच दिवस ट्रेनिंगला, मीटिंगला, नाहीतर कसल्यातरी सर्वेला. पहिली ते तिसरीची पोरं नलिकलीची (खेळत शिकण्याच्या पद्धतीची) कार्डं घेऊन जमिनीवर गोलात बसतात, चौथी-पाचवी एका फळ्यावर. विषयवार वेळापत्रक भिंतीवर लावलेलं आहे, पण ते भेटीला येणाऱ्यांसाठी. एका खोलीत पाच इयत्तांना एकाच माणसाने गणित, मग परिसर, मग भाषा असं शिकवायला गेलं तर चार इयत्ता सतत रिकाम्या बसतात. विषय एकच धरला आणि ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यातून दिलं, तर सगळी खोली कामाला लागते. आमच्यासारख्या शाळेत ही चैन नाही, गरज आहे.

इजिप्त मी निवडला नाही. चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, मम्मी म्हणजे आई का मेलेलं माणूस?" त्याच्या बहिणीने त्याला चापट मारली आणि तिथून सुरू झालं. हा शब्द मूळचा फारसी-अरबीतल्या 'मूमिया'वरून, म्हणजे डांबरासारख्या काळ्या पदार्थाच्या नावावरून आला. ते सांगितलं, पण पोरांना हवं होतं दुसरंच. मढं कुजत कसं नाही?

मी म्हटलं, खारवलेला बांगडा कुजतो का? मग सगळं सोपं झालं. इजिप्तचे लोक नेट्रॉन नावाचा नैसर्गिक क्षार वापरत. त्यात मीठ असतं, धुण्याचा सोडा असतो, खायचा सोडाही असतो. आतडी, यकृत, फुप्फुसं काढून शरीर 40 दिवस त्यात ठेवायचे. सगळा विधी 70 दिवसांचा. मेंदू नाकातून आकडीने ओढून टाकायचे, काळीज म्हणजे हृदय मात्र आत राहू द्यायचे, कारण माणूस विचार काळजाने करतो असं ते मानत. नाकाची गोष्ट पोरांनी घरोघरी जेवताना सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी दोन आया शाळेत आल्या.

आम्ही बटाट्याच्या चकत्या घेतल्या, मीठ आणि खायचा सोडा समप्रमाणात मिसळून काचेच्या बरणीत पुरल्या. दुकानदाराच्या तराजूवर आधी वजन केलं. महिना होता जुलै. आठ दिवसांत मीठच पाणी पाणी झालं, चकत्यांना बुरशी आली, वर्गभर वास सुटला. मला वाटलं प्रयोग फसला. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "खरं बाई, तिकडं पाऊस पडत नसंल." मी वाळवंटाचा धडा चार तासांत शिकवला असता, तो तिने एका वाक्यात शिकवला. जानेवारीत तोच प्रयोग परत केला. 100 ग्रॅम चकत्या पंधरा दिवसांत 40 ग्रॅमच्याही खाली आल्या. पाणी गेलं कुठं, ते पोरांनी मिठाला हात लावून पाहिलं.

भूगोल नकाशापासूनच अडला. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर. "नदी चढ कशी चढते?" म्हणून वाद. शेवटी नकाशा खिळ्यावरून काढून जमिनीवर अंथरला आणि पोरांना भोवती बसवलं, तेव्हा 'वर' म्हणजे उत्तर हे डोक्यातलं खूळ गेलं. वरचा इजिप्त म्हणजे नकाशातला खालचा, हेही मग पटलं. तिथून आम्ही घरी आलो. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि आमच्याच तालुक्यात उगवणारी म्हादई पश्चिमेला गोव्याकडे. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना. हे आमच्या पोरांनी आधी ऐकलेलं होतं, पण नाईलची भांडणं झाल्यावर बघितलं.

गणितात सगळ्यात जास्त मिळालं. इजिप्तचं माप 'हात', कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आमच्या आज्ज्या अजूनही दोरी हातानेच मोजतात. पहिलीतल्या पोराने शाळेचा व्हरांडा मोजला तर 32 हात, मी मोजला तर 22. खरं कुणाचं? पोरं तासभर भांडली आणि मग त्यांनीच ठरवलं की एकाचाच हात धरायचा. इजिप्तमध्येही तेच केलं होतं: राजहात ठरवला, सुमारे 52 सेंटिमीटरचा, त्याचे 28 बोटं असे भाग पाडले. खुफू राजाच्या पिरॅमिडची एक बाजू 440 राजहात, म्हणजे सुमारे 230 मीटर. आम्ही दहा राजहातांची दोरी केली आणि शाळेच्या फाटकापासून रस्त्याने टाकत गेलो. मारुतीचं देऊळ गेलं, दूध डेअरी गेली, तरी बाजू संपेना. एवढी फक्त एक बाजू, आणि उंची मुळात सुमारे 146 मीटर, हे कळल्यावर एक पोरगा रस्त्यातच मटकन बसला.

गुणाकाराचं त्याहून बरं. इजिप्तचे लेखनिक पाढे घोकत नसत, दुप्पट करत जात. 13 गुणिले 12 करायचे तर 1 ला 12, 2 ला 24, 4 ला 48, 8 ला 96 असं लिहायचं. 8, 4 आणि 1 मिळून 13, म्हणून 96, 48 आणि 12 यांची बेरीज, 156. तेराच्या पाढ्यावर तिसरीपासून अडलेला पाचवीतला मुलगा या रीतीने फळ्यावर उभा राहून गणित सोडवून गेला. पाढे पाठ नकोत असं मी म्हणत नाही. पण दुप्पट करायला त्याला भीती वाटत नव्हती, आणि पाढ्याची वाटत होती.

आता भाषा, कारण त्या पालकांचा खरा प्रश्न भाषेचाच होता. चित्रलिपीत मुळात व्यंजनंच लिहीत, स्वर नाहीत. आम्ही तशीच श्रुतलेखनाची चिठ्ठी केली, काना-मात्रा काढून. 'रम' लिहिलं, कुणी राम वाचलं, कुणी रमा, एकाने रोम. बाराखडी आणि कन्नडचं कागुणित कशासाठी असतं, हे मी बावीस वर्षांत एवढ्या सहज कधी सांगू शकले नव्हते.

रोझेटाचा दगड फ्रेंच सैनिकांना 1799 मध्ये सापडला. पुजाऱ्यांचा एकच ठराव चित्रलिपी, डेमॉटिक (इजिप्तची रोजच्या वापराची लिपी) आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत. शांपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाला 1822 मध्ये ती चित्रलिपी उलगडली, त्यात मोठी मदत राजाराण्यांच्या चौकटीतल्या नावांची झाली. टॉलेमी आणि क्लिओपात्रा या नावांत काही अक्षरं सारखी आहेत. आम्ही तोच खेळ रेल्वेच्या पाट्यांवर केला. पहिलीच्या पोरांना कन्नड अजून वाचता येत नाही. त्यांना खानापूर आणि नागरगाळी या दोन स्टेशनांची कन्नड नावं दिली आणि मराठी शेजारी लिहून दिलं. दोन्हींत 'ना' आणि 'र' आहे, शोधा. त्यांनी शोधलं. कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी कन्नडची दोन अक्षरं फोडली. मग मोठ्यांना श्रवणबेळगोळ सांगितलं. गोमटेश्वराच्या पायाशी तोच मजकूर कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि मराठीत आहे: 'श्रीचावुंडराजें करवियलें'. सीमाभागात दोन भाषा म्हटलं की मोर्चाच आठवतो. पोरांना त्या दिवशी दगड आठवला.

चुकाही झाल्या. गुलामांना चाबकाने मारून पिरॅमिड बांधले, असं मी पहिल्या आठवड्यात ठोकून दिलं होतं. सिनेमात पाहिलेलं. प्रत्यक्षात 1990 मध्ये गिझाजवळ त्या कामगारांच्या कबरी सापडल्या, त्यांच्या वस्तीत भाकरी भाजायच्या भट्ट्या होत्या, आणि राजाच्या स्मारकाशेजारी मानाने पुरलेली ती माणसं गुलाम नव्हती. मला वर्गात उभं राहून दुरुस्ती करावी लागली. 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली, त्याची टोळी खुफूच्या पिरॅमिडसाठी होडीतून चुनखडीचे चिरे आणत होती. त्याच्यावरून चौथी-पाचवीने रोजनिशी लिहिली. वीटभट्टीवर बाप असलेल्या मुलाची सगळ्यात खरी उतरली. त्यात हजेरी, उचल आणि पाठदुखी होती.

पुठ्ठ्याचे मुकुट करून राजा-राणी सजवण्यात आम्ही दोन दिवस घालवले. मोबाईलवर असलं खूप दिसतं. फोटो छान आले, शिकणं शून्य. ते करू नये.

माझी मागणी छोटी आहे. पाठटाचणात प्रत्येक विषयाचा रकाना वेगळा भरावा लागतो, त्यामुळे दोरी टाकून रस्ता मोजला तो गणितात लिहायचा की परिसरात, यावर मी संध्याकाळी अर्धा तास घालवते. भेटीला आलेल्या एका वरिष्ठांनी वही चाळून "पोर्शन कुठवर आला?" एवढंच विचारलं. दोन शिक्षकी शाळांना वर्षातून दोनदा तरी सहा आठवड्यांचा एक विषय सर्व रकान्यांत मिळून लिहू द्यावा, आणि क्लस्टरच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) मासिक बैठकीतला एक तास फॉर्म भरण्याऐवजी असले प्रयोग एकमेकांना दाखवण्यासाठी ठेवावा. विषय इजिप्तच हवा असं नाही. हलशीचे कदंब राजे घ्या, गुऱ्हाळ घ्या, खानापूरची कुंभारकी घ्या. मी यंदा तेच घेणार आहे.

कुणाला दोरीचं माप आणि 'काना-मात्रा नसलेलं' श्रुतलेखन करून पाहायचं असेल तर जरूर करावं, खर्च काहीच नाही. मिठाचा प्रयोग मात्र जानेवारीत करा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका
(नाव छापू नये ही विनंती.)