मॅनक्रॉफ्टच्या घंटा

तीर्थरूप आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर मागून ऐकू येणाऱ्या घंटांना तुम्ही ‘बेसूर गोंधळ’ म्हणालात. त्या इंग्लंडमधल्या नॉरिचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चच्या. गोंधळ नाही तो, चोख हिशेब आहे.

आपल्या नारोशंकराची घंटा (तीही मूळची पोर्तुगीज चर्चचीच, वसईच्या विजयानंतर आलेली) जागेवर राहते, लोलक हलतो. इथे अख्खी घंटा फिरते. प्रत्येक घंटेला मोठं चाक, चाकाला दोर, एका दोराला एक माणूस. आधी झोके वाढवत नेऊन घंटा तोंड वर करून उभी करायची. मग दोर ओढला की पूर्ण गिरकी घेऊन ती पुन्हा उलटी उभी राहते आणि त्या गिरकीत एकच टोल पडतो. पुढची गिरकी उलट दिशेने. एवढं धूड मध्येच थांबवता येत नाही. वर आलं की क्षणभर तोलून धरायचं किंवा जरा लवकर परतवायचं, एवढंच हातात. म्हणून चाल वाजवण्याचा प्रश्नच नाही. सगळ्या घंटा एकेकदा वाजल्या की एक फेरी. पुढच्या फेरीत घंटा फार तर एक जागा पुढे-मागे सरकते. सहा घंटांना क्रमांक दिले तर आधी १२३४५६, मग २१४३६५, मग २४१६३५. एकदा वाजलेला क्रम पुन्हा येता कामा नये, आणि सगळं तोंडपाठ.

सात घंटांचे असे ५०४० क्रम होतात. ते सगळे याच मनोऱ्यात २ मे १७१५ रोजी ३ तास १८ मिनिटांत वाजवले गेले. पहिलं अचूक पूर्ण वादन म्हणून त्याचीच नोंद सांगतात. बारा घंटांचा संच १७७५ चा. बारांचे क्रम ४७,९०,०१,६००. वाजवायला तीसहून जास्त वर्षं लागतील, त्यामुळे त्या वाटेला कुणी जात नाही!

घंटेवर ॲश लाकडाची एक काठी बसवलेली असते; उलटी घंटा तिच्या आधाराने उभी राहते. दोर जास्त जोरात ओढला की ही काठी मोडते. ती मोडावी अशीच केलेली असते, नाहीतर सगळा मार चौकटीवर बसेल. मोडली की घंटा पलीकडे कलंडते आणि दोर सरसर वर जातो. तेव्हा दोर ताबडतोब सोडायचा. धरून ठेवणारा छताकडे उचलला जातो, म्हणून नवशिक्यांना हे आधी बजावतात.

आई, तुला आवडेल ती नोव्हेंबरमधली, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची घंटा. लोलकाच्या एकाच बाजूला चामड्याची गादी बांधतात. त्यामुळे एक फेरी खणखणीत आणि पुढची दबकी, लांबून आल्यासारखी. सगळे बोलके क्रम एकीकडे आणि हे एक साधं चामडं एकीकडे, असं मला वाटतं.

१९४० च्या जूनपासून मात्र देशभर घंटा बंद होत्या. शत्रू उतरला तरच वाजवायच्या. इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईतल्या विजयासाठी नोव्हेंबर १९४२ मध्ये तेवढ्यापुरती सूट मिळाली, आणि बंदी उठली ती १९४३ मध्ये.

तुमची,
लेक