कळसूबाईचा फोटो छान, पण अंधार कधी पडतो तेही छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी ट्रेकची पानभर ठिकाणं दिलीत, फोटो एकदम झकास, कळसूबाईचा तो सूर्यास्त बघून आमच्या सोसायटीतल्या चार पोरांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसुद्धा काढला. पण जायचं कसं, खायचं काय, टेंट कुठे लावायचा सगळं आहे आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो हे कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

मी स्वतः तिथे माती खाल्लेली आहे. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत पायथ्याच्या बारी गावातून दुपारी बारा वाजून गेल्यावर चढायला लागलो, चौघं जण. पावसाळ्यात चिखल न् शेवाळ, मग हिवाळा म्हणजे सोप्पं, असा आमचा हिशोब. 1646 मीटर म्हणजे राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, पण वाट मळलेली आणि अवघड जागी लोखंडी शिड्या, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. चढताना कॉटनचा टीशर्ट घामाने चिंब झाला आणि वर देवळापाशी वारा लागल्यावर दहा मिनिटांत दातावर दात आपटायला लागले. जॅकेट? गाडीत! खाली ऊन होतं ना. पण खरं सांगतो, समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी इतकं स्वच्छ दिसत होतं की उठावंसंच वाटेना. पावसाळ्यात तिथे ढगाशिवाय काही दिसत नाही.

सूर्य गेल्यावर उठलो आणि अर्ध्या तासात मिट्ट काळोख. चौघांत एक टॉर्च नाही, नुसते मोबाईल, त्यात गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, दोन तर शिड्यांवरच बंद पडले. त्या शिड्यांचे गज हाताला बर्फासारखे लागत होते. आणि वाटेवर सुकलेल्या मुरमाचा घसारा, पाय ठेवला की खडेच चालू पडतात, निम्मी वाट आम्ही बसून उतरलो, पँटचं काय झालं ते विचारू नका. खाली एका घरी चहा मिळाला तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, "दिवस केवढासा, न् तुम्ही निघालात कवा?"

तेव्हापासून सॅकमध्ये हेडटॉर्च, वर गेल्यावर बदलायला कोरडा टीशर्ट आणि माणशी तीन लिटर पाणी असतंच. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक एकच बाटली नेतात आणि उतरताना पायात गोळे येतात. महागडे बूट नसले तरी चालतील पण सोल झिजलेले नकोत, आणि मोजे जुनेच घाला, कुसळं घुसली की ते मोजे पुन्हा कामाचे राहत नाहीत.

अजून एक, तुमच्या एका फोटोत कड्याजवळच्या गवतात शेकोटी पेटवलेली दिसते. दिवाळीनंतर ते गवत कडकडीत वाळलेलं असतं हो, एक ठिणगी उडाली तर अख्खा डोंगर पेटतो, आणि हा सगळा भाग अभयारण्याचा आहे. असले फोटो नका छापू प्लीज.

पुढच्या पुरवणीत अंधार कधी पडतो आणि सोबत काय न्यायचं याची एक छोटी चौकट द्याच. आमच्या पोरांना मी पहाटे साडेतीनला ठाण्यातून निघा म्हणून सांगितलं, तर म्हणे, "काका, तेव्हा थंडी किती असते!"

- तुमचा एक जुना वाचक, ठाणे